आठ आठवडे, आठ कागद

माझा एक जुना विद्यार्थी आता एका पक्षाचा तालुक्यातला कार्यकर्ता आहे. परवा नवीन मोंढ्यात भेटला. मी पंचवीस वर्षं जालन्यात नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझे विद्यार्थी सगळ्याच पक्षांत आहेत आणि भेटले की आपुलकीनं थांबतात. मी त्याला म्हटलं, तुमच्या आमदारांना एवढं सांग, की अधिवेशन चालू असेल तेव्हा दर आठवड्याला मतदारांसाठी एक पान काढा. त्या आठवड्यात सभागृहात कोणता प्रश्न विचारला, काय उत्तर मिळालं, कोणतं विधेयक आलं, त्यावर काय बोललो, कोणत्या बाजूला राहिलो, एवढंच त्यात लिहा.

त्यानं माझीच समजूत घातली. "सर, लोकायला विधेयक नको असतंय. लोकायला रोड पाहिजे, डीपी पाहिजे, घाटी दवाखान्यात कोणी ओळखीचं पाहिजे. साहेब मुंबईत काय बोलले हे कोण इचारतंय? तुम्ही कामून डोकं लावता त्यात?"

पोरगा मनानं चांगला आहे. गावातल्या बाईला अडचण आली तर रात्री दोनला गाडी काढतो. पण त्याचं हे म्हणणं मला मान्य नाही. चहाच्या टपरीवर सोडून द्यावं असंही ते नाही, कारण मुंबईपासून वाडीपर्यंत राजकारणातली सगळी माणसं हेच बोलतात. काही पत्रकारही बोलतात. म्हणून त्याला उत्तर लिहितोय.

लोकांना कायद्याशी घेणं नाही, हे वाक्य निदान जालना जिल्ह्यात बसून तरी कुणी उच्चारू नये. अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी आहे. २९ ऑगस्ट २०२३ ला तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं, १ सप्टेंबरला लाठीमार झाला, आणि त्यानंतरची दोन वर्षं या जिल्ह्यातल्या पारापारावर जी चर्चा चालली ती कशाची होती? कायद्याची. २०१८ चा आरक्षण कायदा कोणत्या टक्क्यावर टिकला, मुंबई उच्च न्यायालयानं काय कापलं, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो का रद्द केला, हे ज्या माणसानं दहावीनंतर पुस्तक हातात धरलं नाही तो तोंडपाठ सांगत होता. २६ जानेवारी २०२४ ला कुणबी दाखल्यासाठी 'सगेसोयरे' शब्दाची व्याख्या करणारी मसुदा अधिसूचना निघाली, हरकतींची मुदत १६ फेब्रुवारी. मसुदा म्हणजे अजून कायदा नाही, त्यावर मुदतीत हरकती आणि सूचना द्यायच्या असतात, हे माझ्या वर्गात मी खडूनं लिहून शिकवायचो आणि निम्मी मुलं पेंगायची. त्या वर्षी तेच लोकांनी एकमेकांना शिकवलं. हरकती लाखांच्या घरात गेल्या. जवळच्याच वडीगोद्रीत जून २०२४ मध्ये ओबीसींच्या बाजूचं उपोषण बसलं, तेव्हा तिथंही तोच मसुदा आणि तोच शब्द उलट बाजूनं तपासला जात होता. दोन्हीकडची माणसं शेतकरी आणि मजूरच होती. अधिसूचना, अध्यादेश, अधिनियम आणि शासन निर्णय यांतला फरक त्यांना कळत होता, कारण त्यावर त्यांच्या मुलांची शाळा आणि नोकरी अवलंबून होती.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं जनतेकडून १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या. आल्या बारा हजारांहून थोड्या जास्त. एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणारं विधेयक, बारा कोटींचं राज्य, आणि सूचना बारा हजार! हेच लोक अधिसूचनेवर लाखांनी हरकती देतात आणि विधेयकाबाबत गप्प राहतात, याचा अर्थ त्यांना रस नाही असा लावता येत नाही. पहिल्या वेळी गावोगाव कुणीतरी सांगत फिरत होतं. दुसऱ्या वेळी सांगायची जबाबदारी ज्यांची, त्या आमच्या प्रतिनिधींनी एखादा कागद काढला असेल तर तो माझ्या गल्लीपर्यंत पोचला नाही. या विधेयकाला पाठिंबा द्यायचा की विरोध, हा वेगळा वाद आहे. सूचना देता येते, एवढं तरी जालन्याच्या मतदाराला कळायला हवं होतं की नाही?

१० जुलै २०२५ ला हे विधेयक विधानसभेत मंजूर झालं. विरोधाचा आवाज एकट्या डहाणूच्या विनोद निकोले यांचा होता. मतदान आवाजी. ज्यांनी सभागृहाचं कामकाज कधी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी होय म्हणावे, विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावे. मग 'होयचे बहुमत' असं जाहीर होतं आणि पुढचा विषय सुरू होतो. मतविभाजन मागितलं नाही तर कोण होय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी बाहेर चहा पीत होतं, याची नावानिशी नोंद राहत नाही. मी ज्याला मत दिलं त्यानं माझ्या नावानं काय म्हटलं, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही. ते फक्त तोच सांगू शकतो. म्हणून कागद मागतोय.

माझ्या विद्यार्थ्याचं दुसरं म्हणणं रस्त्याचं. काम बोलतं, कागद कशाला? निवडणुकीच्या आधी माझ्या दारात आलेला एक कार्यअहवाल मी जपून ठेवलाय. कोणाचा ते सांगत नाही, कारण हा रोग एकाचा नाही. गुळगुळीत कागद, बत्तीस पानं. मी मोजलं. एकशे सात फोटो. त्यांतले एकोणचाळीस कुदळ मारतानाचे, बावीस फीत कापतानाचे, बाकी हार, पेढे, सत्कार. गावांची नावं आणि समोर रुपयांचे आकडे. 'आणला', 'मिळवून दिला', 'मंजूर करून घेतला' हेच तीन शब्द पानोपानी. त्या बत्तीस पानांत विधानसभेच्या सभागृहाचा एक फोटो नाही, एका प्रश्नाचा क्रमांक नाही, एका विधेयकाचं नाव नाही. ज्या जागेसाठी आपण बोटाला शाई लावून घेतली, त्या जागेवर बसून या माणसानं काय केलं ते सोडून बाकी सगळं त्यात होतं.

'आणला' या शब्दाचा हिशेब एकदा करू. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. २८८ आमदारांचा मिळून १,४४० कोटी. आता ३० जून २०२५ ला, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, सरकारनं पुरवणी मागण्या मांडल्या ५७ हजार ५०९ कोटींच्या. अर्थसंकल्प मार्चमध्ये झालेला असताना वर ही भर. सगळ्या आमदारांच्या वर्षभराच्या निधीच्या जवळजवळ चाळीसपट रक्कम एका अधिवेशनात सभागृहापुढे आली. तिच्यावर बोलायचा, एकेक विभाग घेऊन कपात सूचना द्यायचा, जालन्याच्या वाट्याला काय हे विचारायचा अधिकार आमच्या आमदारांना संविधानानं दिलेला आहे. पाच कोटींच्या सभामंडपांचे आणि पेव्हर ब्लॉकचे फोटो आम्हाला घरपोच मिळतात. ५७ हजार कोटींवर आमचा माणूस काय बोलला हे मात्र कुणी कळवत नाही.

जून २०२५ मध्येच परतूर मतदारसंघातल्या एका कार्यक्रमात आमदार बबनराव लोणीकर यांनी सरकारवर टीका करणाऱ्या तरुणांना सुनावलं. तुमच्या अंगावरचे कपडे, पायातली चप्पल, हातातला मोबाईल आमच्या सरकारमुळे आहे, तुमच्या आईबापाच्या खात्यात पैसे आम्ही टाकतो, असा त्या बोलण्याचा अर्थ होता. ते महाराष्ट्रभर गाजलं, पुढे त्यांनी माफीही मागितली. १ जुलैला या विषयावरून विधानसभेत गोंधळ झाला, नाना पटोले अध्यक्षांच्या आसनापर्यंत गेले आणि दिवसभरासाठी निलंबित झाले. माफी मागितली, विषय संपला, असं अनेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही, कारण बोलणं एकाचं असलं तरी समजूत सगळ्यांची आहे. त्या बत्तीस पानांत आणि या भाषणात मला एकच माणूस दिसतो, देणारा. समोरचा घेणारा. आणि घेणाऱ्याला हिशेब मागायचा हक्क नसतो.

शेतकऱ्याच्या खात्यात सरकारी योजनेचे सहा हजार येतात ते कुणाच्या खिशातून येत नाहीत. राज्याच्या असो की केंद्राच्या, एकत्रित निधीतून सभागृहानं विनियोजन विधेयक मंजूर केल्याशिवाय एक रुपया काढता येत नाही. त्या निधीत त्या शेतकऱ्यानं खताच्या गोणीवर, डिझेलवर, मोबाईलच्या रिचार्जवर भरलेला कर आहे. आमदारानं तिथं त्याच्या वतीनं हात वर केला, इतकीच आमदाराची भूमिका. ही भूमिका लहान नाही. मला तर ती रस्त्याच्या उद्घाटनापेक्षा कितीतरी मोठी वाटते. पण ती सांगायची तर भाषा बदलावी लागेल. 'मी दिलं' ऐवजी 'मी विचारलं, मंत्र्यांनी हे उत्तर दिलं, मला ते पटलं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारतोय' असं लिहावं लागेल. साप्ताहिक कागदाचा माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग हा आहे. देणाऱ्याला तो सांगणारा बनवतो.

आणि तो रस्ता. या जिल्ह्यातल्या जुन्या गावरस्त्यांच्या, पाझर तलावांच्या, नाला बांधांच्या कामांना कोणी हात लावले ते म्हाताऱ्यांना विचारा. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात मंठ्याकडे खडी फोडायला जात होती. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं नंतर कधी सरळ झाली नाहीत, भाकरी थापताना ती तळव्याची कड वापरायची. ते काम सरकारच्या मर्जीचं होतं. आज मिळालं, उद्या हजेरीपत्रक बंद. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी हक्कानं काम देण्याची कल्पना त्याच्या आधी कित्येक वर्षं धरून ठेवली होती, सांगली जिल्ह्यातल्या आपल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. सभागृहात ती रुजली, १९७५ मध्ये तिच्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला. त्या दिवसापासून काम मागणारी बाई दया मागत नव्हती, कायदा मागत होती. काम दिलं नाही तर भत्ता द्यावा लागेल असं ती तहसीलदाराला सांगू शकत होती. लोकांना रोड पाहिजे, विधेयक नको, असं म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याच्या गावचा पहिला रोड याच विधेयकाच्या पैशातून झालेला आहे. मी तिथं नोकरीच्या सुरुवातीला सायकलनं जायचो, मला माहीत आहे.

तो म्हणेल, ठीक आहे सर, पण कायदे काय रोज होतात का? दर आठवड्याला लिहायचं काय? वर्षातून एकदा अहवाल दिला की झालं.

नाही झालं. कायदे किती वेगानं होतात ते बघ. २० फेब्रुवारी २०२४ ला मराठा समाजाला १० टक्के आरक्षण देणारं विधेयक एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मांडलं गेलं आणि त्याच दिवशी दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. ज्या विषयावर आमचा जिल्हा सहा महिने पेटला होता, त्यावर सभागृहात आमचे पाच आमदार मिळून किती मिनिटं बोलले, हे मला आजही धड सांगता येत नाही. रोजगार हमीचंच पुढचं घे. २००५ चा केंद्राचा मनरेगा कायदा बदलून नवा कायदा आणणारं विधेयक १६ डिसेंबर २०२५ ला लोकसभेत आलं आणि १८ डिसेंबरला मंजूर झालं. शंभर दिवसांचे सव्वाशे केले, पण मजुरीच्या खर्चात राज्याचा वाटा आला, साठ-चाळीसचा, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून साठ दिवस काम थांबवण्याची तरतूद आली. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, मोसंबीच्या बागेत रोजानं जाणारी बाई, यांच्या वर्षाचं गणित यानं हलतं. तीन दिवसांत. वर्षअखेरीच्या अहवालात हे छापलं तर त्याचा उपयोग कुणाला? दर आठवड्याला म्हणजे मला घाई झालीय असं वाटत असेल, तर सांगतो, आठवडासुद्धा उशिराच आहे.

बियाण्याचं तर मी जालनेकर म्हणून बोलतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको ही बियाणे कंपनी उभी केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज या शहराची ओळख सळईइतकीच बियाण्याची आहे. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात राज्य सरकारनं बोगस बियाणं आणि कीटकनाशकांविरुद्ध विधेयकं आणली. बोगस माल विकणाऱ्या विक्रेत्याला झोपडपट्टी दादांसाठी केलेल्या कायद्याच्या कक्षेत आणण्याची तरतूद त्यांत होती. विधेयकं संयुक्त समितीकडे गेली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्यभरातल्या कृषी सेवा केंद्रांनी तीन दिवस बंद पाळला. फसलेला शेतकरी एका बाजूला, कंपनीचं सीलबंद पाकीट विकून गुन्हेगार ठरण्याच्या भीतीनं हादरलेला दुकानदार दुसऱ्या बाजूला. दोघेही जालन्यात एकाच गल्लीत राहतात. त्या वेळी आमच्या आमदारांचं मत काय होतं? समितीपुढे त्यांनी काय मांडलं? मग नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी नव्या विधेयकाचा मसुदा काढला, सूचनांसाठी ११ डिसेंबरपर्यंत मुदत दिली. देशात ज्या गावानं या मसुद्याचा शब्द न् शब्द वाचायला हवा होता ते हे गाव. मी मोंढ्यात सात दुकानांत विचारलं. दोघांना माहीत होतं, आणि दोघांनाही ते कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं.

पुढचं म्हणणं जरा वजनदार आहे आणि त्याला मी मान देतो. आमदार पक्षादेशानं बांधलेला असतो. १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, व्हिप मोडला तर आमदारकी जाऊ शकते. मग तो काय सांगणार, पक्षानं सांगितलं तसं केलं? त्यातून २०२४ मध्ये जालना जिल्ह्यानं पाचही आमदार सत्ताधारी महायुतीचे निवडले, तीन भाजपचे, दोन शिवसेनेचे. आपल्याच सरकारला कोंडीत पकडणारे प्रश्न ते कशाला विचारतील?

व्हिप मताला असतो. प्रश्नाला नसतो. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचा मुद्दा, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयक, यांतलं एकही पक्षाच्या मालकीचं नाही, सदस्याच्या मालकीचं आहे. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या विधानसभेला जबाबदार आहे असं संविधान सांगतं, विरोधी पक्षाला जबाबदार आहे असं सांगत नाही. विधानसभेत सत्ताधारी बाकांवरून लक्षवेधी येतात, कित्येकदा मंत्र्यांना त्या जड जातात. ज्यांनी हे केलं त्यांनी ते लपवून का ठेवावं? २०२५ मध्ये अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानाचा घोटाळा बाहेर आला. शेतकऱ्यांच्या नावावरचे कोट्यवधी भलत्यांच्या खात्यात गेले, तलाठी निलंबित झाले. या एका विषयावर सभागृहात आमच्या जिल्ह्यातून काय विचारलं गेलं, मंत्र्यांनी वसुलीबद्दल काय आश्वासन दिलं, ते सभागृहाच्या आश्वासन समितीकडे नोंदलं गेलं का, हे एका पानात मावतं. यात पक्षादेश कुठं आडवा येतो?

आणि मत पक्षाचं असलं तरी ते सांगायला काय हरकत आहे? "मला हे कलम पटत नव्हतं, पक्षाच्या बैठकीत मी तसं बोललो, सभागृहात पक्षासोबत राहिलो" असं लिहिणाऱ्या आमदारावर मी रागावेन असं त्याला वाटतं का? मी त्याचा हात धरून आभार मानेन.

"सर, पेपरात येतंच की सगळं." येत होतं. मी शाळेत असताना अधिवेशनाच्या दिवसांत कामकाजाचा वृत्तांत स्तंभच्या स्तंभ असायचा, वडील तो मोठ्यानं वाचायचे. आता पायऱ्यांवरचं आंदोलन येतं, कुणी कुणाला काय म्हणालं ते येतं, धक्काबुक्की येते. प्रश्नोत्तरं येत नाहीत. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नांच्या याद्या असतात हे खरं. त्यांतली एक छापून मी मोंढ्यातल्या ओळखीच्या दुकानात नेली होती. पीकविम्यावरचा प्रश्न. वर तीस-पस्तीस आमदारांची नावं. मग तो ठरलेला साचा: (१) अमुक घडले हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उजवीकडे उत्तर: (१) हे अंशतः खरे आहे. (२) आणि (३) प्रश्न उद्भवत नाही.

दुकानात पाच-सहा शेतकरी होते, बदनापूरकडचे. एकानं विचारलं, "अंशतः म्हंजे किती खरं?" दुसरा म्हणाला, "प्रश्न उद्भवत नाही कसा? माझा तर उद्भवलाय, पावती खिशात हाये." मी त्यांना सांगू लागलो की यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतो, 'अंशतः'चा अर्थ मंत्र्याकडून वदवून घेता येतो, समाधान झालं नाही तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. त्या पस्तीस नावांतल्या कुणी ते केलं का, हे यादीवरून समजत नाही. नाव यादीत असणं आणि उठून विचारणं यात फरक आहे, आणि तो फरक त्या पाच माणसांना पाच मिनिटांत समजला. ज्यांना विधेयक नको असतं म्हणतात ती माणसं तीच. जाताना एकानं त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला.

समित्यांबद्दल तर आम्ही पूर्ण अंधारात आहोत. सभागृह वर्षात थोडे दिवस चालतं, समित्या वर्षभर. सरकारी खर्चाची छाननी तिथं होते. या विधानसभेत अंदाज समितीचं अध्यक्षपद जालन्याचे आमदार अर्जुन खोतकर यांच्याकडे आलं. जिल्ह्याला अभिमान वाटावा असं काम आहे. पण जालन्यातल्या सर्वसामान्य माणसानं या समितीचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते मे २०२५ मध्ये, समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहातल्या खोलीत १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली तेव्हा. खोतकरांनी आपला त्या पैशांशी संबंध नाही असं सांगितलं, चौकशी लागली. मला इथं त्यात जायचं नाही. माझं दुखणं एवढंच, की समिती काय तपासते, कोणत्या खात्याला तिनं काय विचारलं, अहवालात काय शिफारस केली, हे आम्हाला आधीपासून महिन्या-आठवड्याला कळत असतं, तर समितीची ओळख आम्हाला तिच्या कामातून झाली असती.

असंच एक काम गुपचूप बंद पडलं. संविधानाच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ झालं. मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, असं त्या कलमातच आहे. ३० एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली आणि वाढवली गेली नाही. म्हणजे अनुशेषाचा जो वार्षिक हिशेब संविधानानं आमच्या नावावर लिहून दिला होता तोही थांबला. तेव्हा सगळे करोनात होते, मान्य. त्यानंतर किती अधिवेशनं झाली?

करोनाचं निघालं म्हणून आठवलं. त्या काळात आरोग्यमंत्री घनसावंगीचे राजेश टोपे होते. किती रुग्ण, किती खाटा, काय उपाय, ते रोज येऊन साध्या मराठीत सांगायचे. आकडे वाईट असले तरी सांगायचे. राज्यभर लोक थांबून ऐकायचे. लोकांना कारभाराची माहिती नको असते, हे तेव्हा खोटं ठरलं होतं. माझा विद्यार्थी लगेच म्हणाला, "पण सर, टोपेसाहेब चोवीसला पडलेच नं." पडले. निवडणुकीत माणूस शंभर कारणांनी पडतो. हिशेब मतं मिळवण्यासाठी द्यायचा असतो असं मानलं, तर मग हा संवादच वेगळा होतो. शिक्षकानं निकालपत्रक पालकांना खूश करायला बनवायचं नसतं.

आपल्याच मराठवाड्यात कंधारचे केशवराव धोंडगे होऊन गेले. शेतकरी कामगार पक्षाचे, पाच वेळा आमदार, १९७७ मध्ये खासदार. सभागृह दणाणून सोडणारा हा माणूस गावाकडे स्वतःचं 'जयक्रांती' साप्ताहिक चालवत होता. खिळे जुळवायचे, प्रूफं तपासायची, टपालाची तिकिटं लावायची, असा तो काळ. बाहेरचं उदाहरण हवं असेल तर, अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत आमदार अधिवेशन काळात दर आठवड्याला मतदारांना पत्र पाठवतात, त्यात या आठवड्यात कोणत्या विधेयकाला मी हो म्हटलं, कोणत्याला नाही, हे असतं. आमच्या आमदारांकडे आज कंधारच्या छापखान्यापेक्षा कितीतरी सोपी साधनं आहेत. वाढदिवसाचा व्हिडिओ बनवणारी चार मुलं प्रत्येकाच्या पदरी आहेत.

आणि मागतोय किती? शपथविधीचं विशेष अधिवेशन सोडलं तर या विधानसभेचं नागपूरचं पहिलं अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर २०२४ ला झालं. अर्थसंकल्पी अधिवेशन ३ ते २६ मार्च २०२५. पावसाळी ३० जून ते १८ जुलै. एक, चार आणि तीन. आठ आठवडे. वर्षाला आठ कागद.

कागद कसा असावा तेही सांगून ठेवतो, नाहीतर त्याचीही बत्तीस पानं होतील. पाठपोट एक पान. फोटो एकही नको. विचारलेल्या प्रश्नाचा क्रमांक आणि मंत्र्यांचं उत्तर जसंच्या तसं. मंजूर झालेल्या प्रत्येक विधेयकाचं नाव, दोन ओळींत ते काय करतं, आणि मी कोणत्या बाजूला होतो. सभागृहात किती दिवस हजर होतो. पुढच्या आठवड्यात काय येणार आहे आणि त्यावर सूचना कुठं पाठवायच्या. खासदारांकडूनही हेच, संसद चालू असेल तेव्हा. परतूर, मंठा आणि घनसावंगीकडच्या लोकांनी तो परभणीच्या खासदारांकडे मागावा, कारण त्यांची लोकसभा परभणी आहे. जालन्याच्या खासदारांनी तो सिल्लोड, फुलंब्री आणि पैठणलाही पाठवावा. ग्रामपंचायतीच्या फलकावर, तहसीलच्या पायऱ्यांजवळ, मोंढ्यात आणि बसस्थानकावर तो लागावा, कारण सगळ्यांच्या हातात चांगला मोबाईल नसतो आणि ज्यांच्या हातात असतो ते सगळे एका पक्षाच्या ग्रुपात नसतात.

यातलं बरंचसं मी त्या पोराला ऐकवलं तोवर त्याचा चहा निवला होता. तो म्हणाला, "सर, साहेबांना सांगतो, पण लिहिणार कोण?" पहिले दोन कागद मी त्याच्यासोबत बसून लिहायला तयार आहे. कोणत्याही पक्षाच्या आमदारासाठी तयार आहे. प्रश्नांची यादी कशी वाचायची ते मला येतं, आणि ज्यांना मी हे शिकवलं ती मुलं आता पन्नाशीची होऊन या जिल्ह्यात सगळीकडे आहेत. पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या शनिवारी मी नवीन मोंढ्यात, प्रश्नांची यादी नेली होती त्याच दुकानात असेन.